कमाल, किमान

गाडी आली तेव्हा तिच्यात साधा पंखाही नव्हता.
एकसष्टची फियाट, अकराशेवाली,
मागचं बूड कुणीतरी कापून लांबवलेलं,
शेवाळी रंग, सीटला नवं रेक्झिन,
डॅशबोर्डात काडेपेटीएवढी राखदाणी.
कच्छवे सर म्हणाले, एसी बसव.
आणि हीटर पण.

सिराज बॉनेटखाली होता. तिथूनच हसला,
डोकं दणकन आपटेपर्यंत.
उस्ताद, परभणीत हीटर!
जिंतूर रोडचं डांबर चप्पल धरून ठेवायलंय सध्या.

सर रागावले नाहीत.
एकतीस वर्षं वेधशाळेत नोकरी,
झडपांच्या पांढऱ्या पेटीत डोकं घालून
रोज दोन काचा वाचायच्या.
म्हणाले, कमाल सगळ्यांना पाठ असतं, पेपरात येतं.
किमान मी एकट्यानं बघितलंय.
डिसेंबरात एकदा साडेतीन अंश.
आकडा डाव्या हातानं लिहिला,
उजवा काखेत होता.

मग आम्ही लागलो.
डायनामो काढला. त्याचा जीव दोन दिव्यांपुरता,
ब्लोअर लावला की हॉर्न मरायचा.
कॉम्प्रेसर एका भंगार मारुतीचा,
ब्रॅकेट मात्र घरचं, चार वेळा कापलं, चार वेळा डागलं,
तरी पट्टा एका रेषेत येईना.
एक सूत इकडं. अर्धा सूत तिकडं.
त्या अर्ध्या सुतात आमचा आठवडा गेला.

वाऱ्याची तोंडं रेडिओच्या जाळीत लपवली,
बघणाऱ्याला वाटावं आता बातम्या लागतील.

राहिला मधला पत्रा,
एका बाजूला इंजिन, एका बाजूला माणूस.
भोकं चार पाडायची: दोन गार नळ्यांना, दोन गरम.
साठ वर्षांत त्याला कुणी टोचलं नव्हतं.
मी ड्रिल धरलं आणि नुसताच उभा राहिलो.
सर मागून म्हणाले, पाड.
आमच्या पेटीलाही फटी असायच्या.
नुसत्या बंद खोक्याला हवा काय कळणार?

व्हॅक्यूम मारला. गॅस भरला.
साबणाचा फेस लावून सांधे बघितले,
एकावर बुडबुडा फुगला, मोहरीएवढा,
तो सापडेपर्यंत दिवेलागण झाली.

एकोणीस मे, दुपारचे दोन, गंगाखेड रोड.
सिराज म्हणाला, बनी तो बनी, नहीं तो परभणी,
आणि मागं बसला.
जाळीतून अकरा अंशांचा वारा.
सरांनी चष्मा काढून चेहरा पुढं केला,
न्हाव्यापुढं करतात तसा.

दैठण्याच्या अलीकडं काटा चढायला लागला.
म्हाताऱ्या इंजिनाला दोन ओझी झाली होती,
आमचं आणि उन्हाचं.
काटा लाल रेघेला टेकला तसा मी एसी बंद केला
आणि हीटर पूर्ण उघडला.

काय करायलाव उस्ताद! सिराज ओरडला.
सरांना कळलं होतं. काचा खाली करत म्हणाले,
तिचा ताप आपण घ्यायचा. बरोबर?
बरोबर.
पायांवर भट्टी. नडगीचे केस वळायला लागले.
बाहेरची चव्वेचाळीसची झळ
खिडकीतून आत आली आणि गार लागली,
खरंच गार लागली.
काटा एक केस उतरला. मग दुसरा.
वीसच्या स्पीडनं, तिघं घामानं निथळत,
पोटभर हसत रसवंतीपाशी पोचलो.

रसवाल्यानं गाडीभोवती चक्कर मारली.
एसी हाय म्हणता ना हिच्यात?
मग एवढा घाम कशाचा?

सरांनी खिशातली वही काढली.
तारीख, वेळ. आतलं कमाल: एकोणपन्नास.
आतलं किमान: अकरा.
शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिल जरा थांबली.
मग लिहिलं, दोन्ही चालतात.

रेडिएटर मोठा टाकायला लागणार, मी म्हटलं.
पट्टाही अजून कुरकुरतोय,
अर्धा सूत कुठंतरी राहिलाय.